पेडणेकर मास्तरांच्या उरलेल्या गोळ्या

सिल्वासाच्या मराठी शाळेतले सदाशिव पेडणेकर मास्तर मूळचे वेंगुर्ल्याचे. सहासष्ट साल उजाडेपर्यंत ते सरकारी चाळीचे बिनपदवीचे डॉक्टर होऊन बसले होते. याला कारण एकच. मास्तरांच्या हातून काही वाया जात नसे. घरात कुणाला जरा बरं वाटलं की गोळ्या तिथल्या तिथे बंद. "ताप गेला, आता औषध काय भिंतीला पाजू?" उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात जात आणि पुडीवर मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरात 'ताप', 'खोकला', 'लघवीची जळजळ' असं काय ते लिहिलं जाई. चाळकरीही आपली शिल्लक आणून देत. दवाखान्यात रांग असे, मास्तरांकडे गप्पा. मग दवाखान्यात कोण जातो!

गणपतीत त्यांच्या सात वर्षांच्या नलिनीला लघवीला आग होऊन ताप भरला. दवाखान्यातून आठवड्याच्या गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी पोरगी अंगणात लंगडी घालू लागली, आणि उरलेल्या गोळ्या डब्यात गेल्या. दिवाळीत दुखणं परत आलं. मास्तरांनी डब्यातून दोन दिवस गोळ्या दिल्या आणि बायकोला म्हणाले, "बघ सुलभा, आहे की नाही उपयोग?"

जानेवारीत मात्र डबा हरला. नलिनी थंडीनं कुडकुडत कंबर धरून रडू लागली, तेव्हा दोघांनी तिला उचलून दवाखाना गाठला.

डॉक्टर नानावटी गुजराती माणूस. मराठी बोलत, पण आपल्या चालीवर. "केम मास्तर, गणपतीत मी दिलेल्या गोळ्या पूर्ण दिल्या ने?"

"हो तर! पूर्ण." खोटं बोलणाऱ्या पोराला बाकावर उभं करणारे मास्तर हे इतक्या सफाईनं बोलले, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. सुलभाबाईंनी चमकून पाहिलं. पण रांगेत शाळेतले दोन पालक बसले होते, त्यांच्यादेखत त्या काय बोलणार!

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पूर्ण घेऊन पण परत आलं, म्हणजे आतमध्ये दोष असणार. मुंबईला न्या, फोटो काढा. कदाचित ऑपरेशन पण. तोपर्यंत तेच औषध दुप्पट देतो." आणि ते लिहायला लागले.

मास्तर त्या लेखणीकडे बघत राहिले. तेच औषध! पाच दिवस झाले, डब्यातून, चाळकऱ्यांच्या शिल्लकीतून, तेच तर चाललं होतं. नलिनीनं त्यांचं बोट घट्ट धरलं होतं, आणि बोट भाजत होतं.

"डॉक्टरसाहेब... पूर्ण नाही दिल्या."

"म्हणजे केटला?"

"तीन दिवस. मग दिवाळीत दोन."

"दिवाळीत? दिवाळीत तर मी हिला पाहिलीच नाही!"

"मी दिल्या. उरलेल्या. आताही त्याच देत होतो."

रांगेतला एक पालक खोकला. मास्तरांना ते खोकणं छडीसारखं लागलं.

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त लेखणी खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, अर्ध्या औषधानं गरीब जंतू मरतात, दांडगे राहतात. तुमच्या वर्गात नसतात का, दोन छड्यांना सरावलेली पोरं? मग त्या छडीला कोण विचारतो?" त्यांनी लिहिलेला कागद फाडला, लघवीची बाटली तपासायला सुरतेला धाडली आणि दुसऱ्या औषधाची दहा दिवसांची इंजेक्शनं चालू केली.

चौथ्या दिवशी ताप उतरला. मास्तर तरीही दहाही दिवस पोरीला खांद्यावर घेऊन दवाखान्यात गेले. रस्त्यात कुणी "कशी आहे नलू?" विचारलं, की बरी आहे म्हणताना त्यांची नजर जमिनीवरच असे.

शेवटच्या सुईनंतर डॉक्टरांनी सहज विचारलं, "ह्या गोळ्या अजून कोणाला दिल्या?"

दिल्या होत्या. पलीकडच्या खोलीतल्या प्रमिलाबाईंच्या अरविंदला, महिन्यापूर्वीच. संध्याकाळी मास्तर त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"या की मास्तर!" प्रमिलाबाई हसून म्हणाल्या. "तुमच्या चार गोळ्यांत आमचा अरू बघा कसा खडखडीत झाला! ह्यांनी तर कचेरीत सगळ्यांना सांगितलंय, आपल्या चाळीत डॉक्टर आहे म्हणून."

मास्तर चपला काढून आत आले नाहीत. "वहिनी, उद्या त्याला दवाखान्यात घेऊन जाऊ. मी बरोबर येतो."

"अगोबाई, का? बरा आहे की तो!"

"नलूही अशीच बरी होती," मास्तर म्हणाले. "मी तिला अर्धवट औषध दिलं. तुमच्या अरूलाही दिलं. चूक माझी आहे, वहिनी."

प्रमिलाबाईंचं हसू तसंच तोंडावर राहिलं. मग त्यांनी मागे वळून खेळणाऱ्या मुलाला हाक मारली आणि त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.