टाचणीबाईचा जबडा

"मान हलवलीस तू! माझ्या डोळ्यांदेखत हलवलीस!" नवऱ्यानं खुर्चीच्या हातावर थाप मारली. "आणि आता उलटतेस?"

"मी झग्याचा काठ बघत होते," ती म्हणाली. "खाली बघितल्याशिवाय काठ दिसत नाही."

"आई, असं काय करतेस?" मुलगा म्हणाला. "सोमवारी गवंडी यायचाय. शटरचं माप देऊन झालंय. तुला विचारून केलंय ना सगळं?"

"कधी विचारलंस?"

"तो निळा झगा करत होतीस तेव्हा. समोर उभं राहून विचारलं. पुढच्या खोलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढतो म्हटलं, तुझं मशीन मागच्या बोळात लावू म्हटलं. तू मान हलवलीस."

"त्या बोळात उजेड नाही."

"बल्ब लावू की मोठा," सून दारात उभी राहून म्हणाली. तिच्या हातात कडकडीत भाजलेला पाव होता, आणि तो ती सावकाश, आवाज करून खात होती. "आणि आई, तुम्हाला नको होतं तर तेव्हाच बोलायचं. तोंडातल्या टाचण्या काही सोन्याच्या नव्हत्या."

पुढची खोली म्हणजे रस्त्याकडे उघडणारं दार, दारालगत मोठी खिडकी, खिडकीखाली मशीन, भिंतीला उभा आरसा आणि कोपऱ्यात एक छोटी मोरी. बाईचं आयुष्य त्या खिडकीखाली गेलं होतं. नवे कपडे ती फारसे शिवत नसे. आखूड करणं, ढिलं करणं, पोट सुटलेल्यांना कमरेत जागा करून देणं, ही तिची कामं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राही, ती गुडघ्यांवर बसे आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात दातांनी धरलेल्या टाचण्या एकेक काढून कापडाला लावत जाई. गल्लीनं तिचं नाव टाचणीबाई ठेवलं होतं. खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं होतं.

टाचण्या तोंडात असल्या की बोलता येत नाही, हे गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. घरच्यांना ते जास्त चांगलं ठाऊक होतं. नवऱ्याला हा शोध लग्नानंतर लवकरच लागला. एरवी काही विचारलं तर बायको चार प्रश्न उलट विचारायची. पण ती काठ दुमडायला बसली की दारात उभं राहून विचारावं, आणि तिची मान कापडाकडे झुकली की "ठीक आहे म्हणतेय" असं सांगत आत यावं. मुलगा हे बापाकडून शिकला, सून मुलाकडून. तिला तर शिकायला महिनासुद्धा लागला नाही. मुलानं कॉलेज सोडलं ते असंच. मागच्या अंगणातलं झाड तोडलं ते असंच. या घरातली प्रत्येक मोठी गोष्ट बाईनं खाली मान घालून मंजूर केली होती. नवरा मित्रांना सांगायचा, "आमच्याकडे सगळं तिच्या संमतीनं चालतं. नंदीबैल पाळलाय मी, विचारा काहीही!" मित्र हसायचे. चहा देताना तीही थोडी हसायची.

मग एके दिवशी सकाळी तिला घास घेता येईना. तोंड जेमतेम चमच्याएवढं उघडलं, पुढे कानापाशी काहीतरी अडकलं आणि कळ थेट डोक्यात गेली.

"बोलत तर आधीच नव्हती," नवरा म्हणाला, "आता खायचीही नाही. दुहेरी बचत."

सुनेनं त्या दिवशी मुद्दाम चिवट मटण केलं, असं काही कुणी म्हणणार नाही. पण केलं होतं खरं. बाईनं ताटातला भात रश्शात कालवून गिळला.

दातांच्या डॉक्टरनं दात वाजवून बघितले, फोटो काढला आणि दात चांगले आहेत, सांधा बिघडलाय, असं सांगून फिजिओथेरपिस्टकडे धाडलं. ती मोठ्या मनगटांची, तुटक बोलणारी बाई होती. गोड बोलण्यात वेळ घालवत नसे. तिनं दोन्ही कानांच्या पुढे बोटं टेकवली.

"उघडा."

कट्‌ असा आवाज झाला आणि जबडा डावीकडे घसरला, फळीवरून बिजागरी निसटलेलं दार घसरावं तसा.

"तीन बोटं उभी मावायला पाहिजेत. तुमच्यात दीड मावतंय. डाव्या बाजूनं काय धरता?"

"टाचण्या."

"किती वर्षं?"

"आठवत नाही."

"सांध्याला आठवतंय." तिनं हातमोजा चढवला, अंगठा बाईच्या तोंडात घातला आणि खालच्या दाढेवर टेकवून जबडा खाली, पुढे असा ओढला. बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ढिलं सोडा. सोडा म्हणते ना. कुणी काही हिसकावून घेणार नाहीये इथे." बाईला ढिलं सोडता येईना. घट्ट धरणं तिला येत होतं, सोडणं कुणी शिकवलं नव्हतं.

मग फिजिओथेरपिस्टनं बजावून सांगितलं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला. जीभ तिथेच ठेवून आरशासमोर सरळ रेषेत तोंड उघडायचं, बाजूला घसरू द्यायचं नाही. हनुवटीखाली मूठ धरून तिच्याविरुद्ध हळूच उघडायचं. गालाला ओला शेक. दोरा दातांनी तोडायचा नाही. टाचण्या मनगटावरच्या उशीत खोचायच्या.

"आणि मान," ती म्हणाली. "तुमचं निम्मं दुखणं मानेत आहे. सदा खाली. मान खाली आणि दात आवळलेले, असा जबडा किती दिवस टिकणार? काम डोळ्यांच्या उंचीला आणा. गिऱ्हाइकाला स्टुलावर चढवा. कुणी बोललं की थांबायचं, मान सरळ करायची, दात सुटे करायचे आणि मग उत्तर द्यायचं."

"गिऱ्हाईक खोळंबतं."

"टाचण्या थुंकायला किती वेळ लागतो हो?"

घरी येताना तो प्रश्न पायात खडा शिरावा तसा बाईबरोबर आला.

आरशासमोरच्या व्यायामानं घराला करमणूक मिळाली. ती हनुवटीखाली मूठ धरून तोंड उघडू लागली की सून आपल्या नवऱ्याला हाक मारायची, "अहो, या लवकर, सुरू झालं!" एकदा मुलानं दाराआडून मोबाइलवर ते टिपलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं होतं, 'आमच्या घरची हिरॉइन'. तिच्या सख्ख्या भावानंही हसून रडणारी तोंडं पाठवली. मुलानं ती तिला दाखवलीसुद्धा. "बघ, मामालापण आवडलं."

तिनं मान सरळ केली, दात सुटे केले. "पुसून टाक," म्हणाली.

"गंमत आहे गं आई, एवढं काय?"

त्यानं पुसलं नाही. ती तोंड उघडत राहिली, मिटत राहिली. हळूहळू जबडा डावीकडे घसरेनासा झाला. दुसरं बोट सरळ मावलं. बऱ्याच दिवसांनी तिनं पोळीचा घास चावून खाल्ला, आणि त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

लक्ष गेलं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. नवरा सवयीनं दारात येऊन काहीतरी विचारायचा आणि बायको सुई ठेवून मान वर करायची. त्याच्या तोंडाकडे बघायची. तो गडबडायचा. "काही नाही, नंतर," म्हणून परत जायचा. मुलगा दोनदा असाच आला आणि परत गेला. दुकानाचा विषय तोंडाशी येऊन अडायचा. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांना समोरचा सरळ बघत असला की ताक मागता येत नाही.

मग तो निळा झगा आला. गिऱ्हाईक जाड अंगाची, घाईतली बाई होती. तिला संध्याकाळी तो हवाच होता. स्टुलावर चढायला तिनं नकार दिला. मनगटावरची उशी घामानं सारखी घसरत होती. घटकाभर म्हणून टाचणीबाई गुडघ्यांवर बसली आणि टाचण्या तोंडाच्या जुन्या कोपऱ्यात गेल्या. सुनेनं ते दारातून बघितलं आणि ती बापलेकांना बोलवायला धावली.

त्या घटकाभराचा हा हिशेब आता पुढच्या खोलीत चालला होता.

"मला खोली द्यायची नाही," बाई म्हणाली. घाईत बोलल्यानं कानापुढे कट्‌ झालं. तिनं गालावर हात ठेवला.

"बघा, सांधासुद्धा कुरकुरला," सून म्हणाली. "त्यालाही पटेना."

मुलगा हसला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, तुझं वय झालं. आता हे काम कमीच करायचंय तुला. त्या फिजिओबाईनंही विश्रांती सांगितली ना? बोळात बस आरामात, जमेल तेवढं कर. आम्ही काय तुला घराबाहेर काढतोय?"

"कानामागून आले आणि तिखट झाले," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?" नवरा उठला. त्याचा आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की तो जास्त धारदार असे. "मला तरी शिकवू नकोस गं. काठ बघत होते म्हणे! तुझ्या आईला तुझ्या भावाकडे पाठवायचं विचारलं, तेव्हाही अशीच मान हलवली होतीस. याच खोलीत. तेव्हा नाही म्हणालीस काठ बघत होते म्हणून. म्हातारी अडचण होती तेव्हा मान बरी हलली!"

सुनेचं पाव चावणं थांबलं. एवढं तिलाही ठाऊक नव्हतं.

घर बाईच्या आईचं होतं. तिनं ते लेकीच्या नावावर केलं आणि स्वतःला या खोलीतली एक खाट मागून घेतली. कोपऱ्यातली मोरी तिच्यासाठीच बांधली होती, तिला मागच्या दारापर्यंत चालवत नसे म्हणून. त्या दिवशी टाचणीबाई एका पिवळ्या झग्याशी बसली होती. नवरा दारात येऊन म्हणाला, "आईंना थोडे दिवस तुझ्या भावाकडे ठेवू या ना? इथे गिऱ्हाइकांची ये-जा, त्यांना झोप मिळत नाही." आणि तिची मान खाली गेली. खाटेवरून आई बघत होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं नव्हतं, लेकीच्या मानेकडे बघितलं होतं. मग उठून स्वतःची चादर घडी घालायला लागली. "हो म्हणतेय ना ती," एवढंच बोलली. भावाकडे तिला जिन्याखाली जागा मिळाली. तिथून ती परत आली नाही.

मान कापडासाठी खाली गेली होती की हो म्हणायला, हे बाईला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि नंतरही कधी आलं नाही. टाचण्या थुंकायला मात्र वेळ लागला नसता. श्वासाएवढासुद्धा नाही. आणि ज्या भावानं तिच्या व्यायामावर हसणारी तोंडं पाठवली, त्याच्याच जिन्याखाली आई गेली.

ती मशीनच्या स्टुलावर बसली. ओठ मिटले. जीभ टाळूला लावली. हनुवटीखाली मूठ धरली आणि आरशात बघत हळूहळू तोंड उघडलं.

"आता हिला व्यायाम सुचतोय!" नवरा म्हणाला. "इकडे बोलतोय आम्ही आणि हिचं माकड आरशासमोर."

जबडा सरळ खाली आला. आवाज झाला नाही. तिनं तीन बोटं उभी करून दातांमध्ये धरून बघितली. मावली. मग बोटं पदराला पुसली, मान सरळ केली आणि तिघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"सोमवारी गवंडी येऊ दे," ती म्हणाली.

मुलाचा चेहरा उजळला. "बघ, मी म्हणत नव्हतो? उगाच ताणत होतीस."

"तो ही भिंत पाडणार नाही. आतलं दार बुजवणार आहे. या खोलीतून तुमच्याकडे जायचं दार. विटा घालून, गिलावा करून. मी इकडे राहीन. मला रस्त्याचं दार आहे, मोरी आहे. तुम्हाला मागचा बोळ आहे. मोठा बल्ब लावा."

"डोकं ठिकाणावर आहे का?" नवरा म्हणाला.

"घर माझ्या नावावर आहे. गवंडी सकाळीच रस्त्यावरून जाताना 'सोमवारी येतो' म्हणाला, तेव्हा मला सगळं कळलं. मी माझ्या दुकानाच्या दारातून तिथेच सांगितलं, यांचं माप रद्द, माझं घे. तो हो म्हणाला. तोंडानं म्हणाला."

"आणि स्वयंपाक?" सुनेच्या तोंडून निघून गेलं.

"स्वयंपाकघर तुमच्या बाजूला. स्वयंपाक करणारी या बाजूला."

"आई, अगं, गंमत पुरे," मुलगा पुढे आला. "लोक काय म्हणतील?"

"ग्रुपवर टाक."

नवरा खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा विचारायला त्याच्यासमोर झुकलेली मान नव्हती. शेवटी तो एकदम मऊ होऊन म्हणाला, "अगं, आणि मी? मी कुठल्या बाजूला?"

बाईनं मनगटावरची उशी घट्ट बांधली, तिच्यात टाचण्या खोचल्या आणि दात सुटे ठेवून उत्तर दिलं.

"अहो, ती खुर्ची उचला. तिकडे न्या. सोमवारच्या आत."