लाल काटा आणि कोंडाईबारीचा घाट

भाचीच्या, रूपालीच्या, लग्नाला सुरतेहून साक्रीकडे रेल्वेनं जायचं की गाडीनं, यावर आमच्या घरात आठवडाभर खल झाला. मी नवरीचा मामा. तिला हाताला धरून मंडपात आणायचं आणि तिच्या पाठीशी उभं राहायचं मला, त्यामुळे उशीर चालणारच नव्हता. शेवटी मीच तोऱ्यात म्हणालो, "आपली गाडी दारात असताना तिकिटाच्या मागे कोण लागतंय!"

सुरतेतल्या आमच्या नवागामातून पहाटे निघालो. कडोदरा, बारडोली, व्यारा हा रस्ता झकास आहे. फास्टॅग भरून ठेवा आणि नाश्ता बारडोलीतच उरका, गरम फाफडा मिळतो. व्यारा सुटलं आणि तापमानाचा काटा एकदम लालमध्ये!

"काय जयं?" बायकोनं, सुनंदानं, दचकून अहिराणीत विचारलं.

इंजिन बंद करून गाडी शेजारच्या गॅरेजवाल्याला दाखवली. त्यानं काटा पाहिला. "हेडनुं पॅकिंग गयुं लागे छे. गाडी मूकी जाव, काले मळशे."

म्हणजे इंजिनच उघडायचं, आणि गाडी मिळणार उद्या? लग्न आज दुपारचं! तेवढ्यात नवरीच्या आईचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, मंदाचा फोन; सुनंदानं तिला गाडीचं कळवलं होतं. "भाऊ, नाहीच जमलं तर चुलतमामाला उभं करते. लोक खोळंबतील रे." तिचं काही चुकत नव्हतं, पण मला फार लागलं. रूपालीला अंगाखांद्यावर खेळवलंय मी.

मी सुरतेच्या पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मशीनवर काम करतो. तिथं मीटर काहीही दाखवो, आम्ही आधी पाइपाजवळ हात नेतो. धग नसेल तर मीटर खोटं बोलतंय. इथंही ना वाफ, ना वास. मग काट्याचं कशाला ऐकायचं?

चहा पीत इंजिन गार होऊ दिलं. (गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, तोंड भाजेल.) इंजिन गार ठेवणारं पाणी, कूलंट, काठोकाठ होतं. इंजिन न सुरू करता नुसती चावी फिरवली, तरी काटा थेट लालमध्ये! गार इंजिन तापेल कसं? इंजिनाचं तापमान मोजून काट्याला कळवणाऱ्या सेन्सरचा प्लग उपसला, काटा खाली पडला. म्हणजे वायर ठीक, सेन्सरच गेलेला.

गॅरेजवाला हसला. "बराबर छे." नवा सेन्सर मात्र त्याच्याकडे नव्हता. प्लग काढलेला ठेवला, त्यामुळे रेडिएटरचा पंखा सतत फिरत राहिला. "धीमे जजो," तो म्हणाला.

नवापूर, विसरवाडी ठीक गेलं. खरी धाकधूक कोंडाईबारीच्या घाटाची. काटा आता काहीच दाखवणार नव्हता; माझा अंदाज चुकला तर इंजिन तिथंच जाम झालं असतं. दोनदा थांबून बॉनेट उघडलं, वाफ नाही ना, कूलंट उकळत नाही ना, पाहिलं. सुनंदा देवाचं नाव घेत होती. घाट सुखरूप चढलो.

पोहोचलो तर चुलतमामाला फेटा बांधणं चाललं होतं. "मामा!" रूपाली आतून ओरडली. हात धुवायलाही कुणी वेळ दिला नाही. तसाच तिला धरून मंडपात घेऊन गेलो.

सुरतेत परतल्यावर सेन्सर बदलला. अंगठ्याएवढा तर असतो! लांब निघण्याआधी गार इंजिनावर चावी फिरवून काटा कुठं जातो ते बघा, एवढंच सांगेन.

काल लग्नाचे फोटो आले. रूपालीच्या पिवळ्या बाहीवर माझी काळी बोटं उमटलीत. फोटोवाला म्हणाला, डाग पुसून देतो.

रूपाली म्हणाली, "राहू दे. माझा मामा आला होता, ते दिसायला नको?"