गोलखांबावरचे दोन टोले

शिट्टीसरांना कुणी विचारलं असतं, सर, तुमचा भुताखेतांवर विश्वास आहे का, तर त्यांनी विचारणाऱ्यालाच मैदानाला फेऱ्या मारायला लावलं असतं. माणूस संख्याशास्त्राचा. जे फळ्यावर मांडता येत नाही ते नाहीच, असा त्यांचा खाक्या. पण संध्याकाळी सराव संपून पोरी घरी गेल्या, मैदान रिकामं झालं, की उत्तरेकडच्या गोलाकडे जायला त्यांचा पाय उचलत नसे. एखादा चेंडू त्या जाळीत राहून गेला तर म्हणायचे, राहू दे, उद्या बघू. कॉलेजचा शिपाई गालातल्या गालात हसायचा. सरांना तिथे काय ऐकू येतं हे त्या बापड्याला कुठून कळणार?

कॉलेज एवढंसं. दुमजली इमारत, मागे मैदान, मैदानामागे कुंपणाची जाळी आणि जाळीपलीकडे कँटीनकडे येणारा रस्ता. इतक्या छोट्या कॉलेजात फुटबॉलसाठी वेगळा माणूस कोण ठेवतो? संख्याशास्त्राच्या सरांकडे शिट्टी दिली, रसायनशास्त्राच्या बाईंकडे मलमपट्टीची पेटी दिली आणि प्राचार्यांनी स्वतःकडे भाषणं ठेवली. सरांनी मात्र ती शिट्टी गळ्यात घातली ती कायमची. वर्गातसुद्धा ती गळ्यात असायची आणि मागच्या बाकावर कुजबूज झाली की वाजायचीही.

त्यांच्या डोक्यावर अजून केस होते तेव्हाची गोष्ट. तेव्हा टीम मुलांची होती आणि गोलात होता खांब. पोरगा उंच, किडकिडीत, गोलाच्या दोन खांबांमध्ये तिसरा उभा केल्यासारखा, म्हणून हे नाव. त्याला एक सवय होती. समोरच्यांना कॉर्नर मिळाला, की चेंडू यायच्या आधी तो डाव्या खांबावर तळहाताने दोन टोले मारायचा. खांब लोखंडी पाइपचे, पोकळ. ठण, ठण. तो आवाज झाला की आपल्या पोरांना धीर यायचा आणि समोरच्यांच्या पोटात गोळा यायचा.

त्या वर्षी टीम फायनलला गेली आणि नेमका त्याच दिवशी खांबाचा पेपर आला. तेव्हा सवलत वगैरे काही नव्हती, पेपर बुडला की वर्ष बुडलं. खांब स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, "सर, काय करू?"

सरांनी क्षणभरही विचार केला नाही. "खेळ," ते म्हणाले. "परीक्षा काय, पुढच्या वर्षीही येते."

फायनल जिंकली. शेवटच्या कॉर्नरला खांबाने चेंडू असा काही उडी मारून उचलला की प्राचार्य खुर्चीवर उभे राहिले. तो चषक अजून त्यांच्या कपाटात आहे. पुढच्या वर्षी सरांच्या शब्दाप्रमाणे परीक्षा आली, पण खांब आला नाही. वडील अंथरुणाला खिळले, घराचा भार त्याच्या अंगावर पडला आणि तो बेकरीची गाडी चालवायला लागला.

आणि ती गाडी कुठे यायची म्हणता? आमच्याच कँटीनला. रोज दुपार कलली की उत्तरेकडच्या गोलामागे, जाळीपलीकडे, येऊन थांबायची. खिडकीतून कोपर बाहेर काढून खांब सराव बघत बसायचा. मागे पाव निवत असायचे, कँटीनवाला हाका मारून मारून घसा कोरडा करायचा, पण हा हलायचा नाही. सरांची पाठ नुसती जळायची. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. गाडीचा आवाज आला की त्यांना एकदम कामं सुचायची. बांधलेली बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायची, जागच्या जागी असलेले शंकू उचलून पुन्हा तिथेच ठेवायचे. कधी कँटीनमध्ये समोरासमोर गाठ पडलीच तर खांब हसून विचारायचा, काय सर, यंदा काय म्हणते टीम? सर "बघू" म्हणून अर्धा चहा टाकून निघायचे. त्या साध्या प्रश्नात त्यांना दुसरंच काही ऐकू यायचं. माझं वर्ष खाल्लंत, आता आणखी कुणाचं खाताय, असं.

वर्षानुवर्षं हे चाललं. सरांनी त्यातूनच अभ्यासाचा तास काढला. सरावाआधी सगळ्या टीमने तळमजल्यावरच्या खोलीत बसायचं, वह्या काढायच्या आणि चाचणीत जो नापास होईल त्याने मैदानाचं तोंड बघायचं नाही. मुलं मोठ्या कॉलेजांकडे वळली, मुलांची टीम मोडली, मुलींची उभी राहिली, पण तास टिकला. प्राचार्य प्रत्येक भाषणात सांगायचे की आमच्या कॉलेजात खेळ आणि अभ्यास हातात हात घालून चालतात. टाळ्या पडायच्या. सर मान खाली घालून बसायचे आणि लोकांना वाटायचं, किती हा विनय.

मग खांब गेला. सकाळी बेकरीच्या अंगणात गाडी भरता भरता खाली बसला तो उठलाच नाही. सर त्याच्या घरी जायला निघाले, गल्लीच्या तोंडाशी पोचले, दारातल्या चपला बघितल्या आणि परत फिरले. त्यानंतर काही दिवसांनी, रिकाम्या मैदानात जाळीच्या पिशवीत चेंडू भरताना, त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं. ठण, ठण. मागे कुणी नव्हतं. सरांची बायको पाणीपुरवठा खात्यात तक्रारी ऐकून घ्यायच्या खिडकीवर बसायची, तिला सगळ्याच गोष्टींची कारणं ठाऊक. ती म्हणाली, जाळीचा हूक सैल झाला असेल, वाऱ्याने आपटत असेल. सरांनी हूक बदलून घेतला. टोले थांबले नाहीत.

अशात एक दिवस नवी मुलगी सरावाला आली. सरळ उत्तरेकडच्या गोलात जाऊन उभी राहिली. कुणीतरी कॉर्नर घेतला आणि तिने चेंडू यायच्या आधी डाव्या खांबावर तळहाताने दोन टोले मारले. सरांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. मग त्यांनी तिचं नाक बघितलं, उंची बघितली, आणि काही विचारायची गरज उरली नाही. ती खांबाची लेक होती.

पोरींनी तिचं नाव कुंपण ठेवलं, कारण तिच्यापलीकडे चेंडू जात नव्हता. अभ्यासाच्या तासालाही ती पहिल्या बाकावर. लेखी पेपरात बेताचीच, पण प्रयोगशाळेत हात असा स्थिर की रसायनच्या बाई म्हणायच्या, जी चेंडू सोडत नाही ती काचेची नळी काय सोडणार. सरांशी ती मोकळेपणाने बोलायला यायची आणि सर तुटक उत्तर देऊन वाट काढायचे. तिला बघितलं की त्यांना तिचा बाप दिसायचा आणि बाप दिसला की जीव अर्धा व्हायचा. स्टाफरूममध्ये प्राचार्यांनी सहज विचारलं की यंदा काय म्हणते टीम, तर सरांच्या हातातला खडूच मोडला.

टीम काय म्हणत होती? टीम धावत सुटली होती. बचावफळी बरी, पुढच्या दोघी चपळ, आणि मागे कुंपण. मोठमोठ्या कॉलेजांच्या पोरी आल्या आणि हात हलवत परत गेल्या. मुलींची टीम पहिल्यांदाच फायनलला पोचली आणि तीही आपल्याच मैदानावर. कॉलेजला नुसतं उधाण आलं.

मग परीक्षेचं वेळापत्रक लागलं. कुंपणचं शेवटचं वर्ष, आणि तिचं रसायनाचं प्रात्यक्षिक नेमकं फायनलच्या दिवशी.

आता काळ बदलला होता. खेळाडूंसाठी आठवड्याने दुसरी तुकडी बसायची. रसायनच्या बाईंनी स्वतः येऊन सांगितलं, काही अडचण नाही, तुमची तेवढी सही लागेल, मी दुसऱ्या तुकडीत घेते तिला. थोड्या वेळाने कुंपण स्टाफरूमच्या दाराशी आली. अगदी तिथेच उभी राहिली जिथे तो उभा राहिला होता.

"सर, काय करू?" तिने विचारलं आणि हसली. उत्तर ठाऊक असलेला माणूस हसतो तशी.

सरांना ते हसू दिसलं, पण कळलं नाही. त्यांच्या कानात नुसते टोले पडत होते. एवढंच उमजत होतं की हाच प्रश्न पुन्हा आला आहे, आणि या वेळी चुकायचं नाही.

"परीक्षा दे," ते म्हणाले.

तिचं हसू तिथेच राहिलं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं. ती म्हणाली की सर, दुसरी तुकडी आहे ना. सर म्हणाले, तिचा भरवसा काय, परीक्षक आलाच नाही तर, खेळताना तुझा हात मोडला तर. नियम म्हणजे नियम. बाईंनी मध्ये पडून पाहिलं, त्यांनाही सरांनी झटकून टाकलं. सही केली नाही ती नाहीच.

त्या संध्याकाळी सर एकटे उत्तरेकडच्या गोलापाशी गेले. बराच वेळ उभे राहिले. काही ऐकू आलं नाही. छातीवरचं ओझं उतरलं. जेवताना बायकोला म्हणाले, फेडलं एकदाचं. तिला खांबाची सगळी हकीकत माहीत होती. तिने भाजी वाढता वाढता विचारलं, "पण तिला विचारलंत का?" सरांना त्या प्रश्नाचा राग आला.

फायनलला गोलात बचावफळीतली एक पोर उभी केली. बिचारीला हातमोजे मोठे होत होते. तिने जिवाचं रान केलं, पण हरली टीम, दोन्ही गोल कॉर्नरवरून. प्रत्येक कॉर्नरच्या आधी मैदान चिडीचूप व्हायचं आणि सर कान देऊन वाट बघायचे. आयुष्यात पहिल्यांदा ते टोले ऐकू यावेत असं त्यांना वाटत होतं. आले नाहीत. त्यांनी वर बघितलं. प्रयोगशाळेच्या खिडकीत पांढरा कोट घातलेली तिची पाठ दिसत होती. सामना संपेपर्यंत ती पाठ वळली नाही.

ती पास झाली, प्रात्यक्षिकात तर वर्गात पहिली. निकालानंतर जर्सी परत करायला आली. धुतलेली, इस्त्री केलेली. सर अभ्यासाच्या खोलीत एकटेच होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, ती उभीच राहिली. सर म्हणाले, तुला आज राग येईल, पण तुझ्या वडलांचं वर्ष माझ्यामुळे गेलं, तुझं जाऊ नये एवढंच बघितलं मी.

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, वर्ष गेलं ते आजोबा आजारी पडले म्हणून. पुन्हा बसायचे होते ते, जमलं नाही. तुमच्यामुळे कशाला?

सरांनी विचारलं, "मग रोज गाडी का थांबवायचा तो?"

"बघायला," ती म्हणाली. "दिवसातली तेवढीच मजा, म्हणायचे. बाबांकडे एकच दिवस होता सांगायला, सर. जेवताना तोच, गाडी धुताना तोच, मी आजारी पडले की उशाशी बसून तोच. तुम्ही त्यांना खेळ म्हणालात तो दिवस."

सरांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"मी या कॉलेजात आले तीही त्यासाठीच. मला सांगून ठेवलं होतं त्यांनी. तुझी फायनल आली की सरांना विचार. बाकीचे सगळे नाही म्हणतील. सर खेळ म्हणतील."

तिने जर्सी टेबलावर ठेवली. दारापर्यंत गेली आणि थांबली. बाबा हात करायचे तुम्हाला गाडीतून, ती म्हणाली, तुम्ही कधी वळून बघितलं नाहीत. मी चिडायचे त्यांच्यावर, कसले तुमचे सर, ओळखसुद्धा देत नाहीत. तर म्हणायचे, कामात असतात गं ते.

एवढं बोलून ती गेली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. रडली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

आता नवा हंगाम आहे. टीम बरी आहे, गोलात एक धीट पोरगी मिळाली आहे. टोले पुन्हा कधी ऐकू आले नाहीत. उत्तरेकडच्या गोलापाशी सर रोज जातात, डाव्या खांबाजवळ उभे राहतात, अंधार पडेस्तोवर थांबतात. नाहीच. बेकरीची गाडी अजून येते, चालवणारा दुसरा आहे. गाडी जाळीपलीकडे दिसली की सर सराव सोडून वळतात आणि हात करतात. पहिल्यांदा ड्रायव्हरला वाटलं माल जास्त हवा आहे. त्याने काच खाली करून विचारलं, सरांनी मान हलवली. आता तो बघून न बघितल्यासारखं करतो आणि पुढे जातो.

कुंपण एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आहे. चांगली नोकरी. फुटबॉलचं नाव काढत नाही म्हणतात. तिची जायची-यायची वाट याच रस्त्याने, जाळीच्या कडेने. परवा सरांची बायको त्यांना घ्यायला मैदानावर आली होती, तेव्हा ती चालली होती. सरांनी हात वर केला. ती समोर बघत निघून गेली.

बायकोने विचारलं, खांबाची मुलगी ना ती? बघितलं नाही का तिने?

सरांचा हात अजून वरच होता.

"कामात असेल," ते म्हणाले.