शब्बीरमामांचं बीपी आणि मॅडमचे पाच उपाय

कंपनीच्या दवाखान्यात कापूस संपतो, मलम संपतं, डोकेदुखीच्या गोळ्या तर आल्या त्याच आठवड्यात संपतात. किस्से मात्र संपत नाहीत. बोट चेपलेला माणूससुद्धा ड्रेसिंग होईपर्यंत काहीतरी सांगून जातो, आणि पुढचा येऊन त्याच्यावर कडी करतो.

मी शिरूरजवळच्या एका कारखान्यात सिस्टर आहे. माहेर केंदूरचं, सासर दौंडचं, आणि रोजचं जाणं-येणं कंपनीच्या बसनं. त्यामुळे माझ्याकडच्या किस्स्यांचा निम्मा माल बस ड्रायव्हरांचा. उसाच्या ट्रॉल्यांमधून पन्नास माणसं सुखरूप आणणारे हे गडी माझ्या हातातला बीपीचा पट्टा बघितला की पांढरे पडतात.

त्यात सगळ्यात पांढरे पडायचे शब्बीरमामा. दौंडची बस त्यांची. कंपनी सुरू झाली तेव्हापासून तेच चालवतात, आणि गाडीला आजवर ओरखडा नाही. पण गेल्या उन्हाळ्यात मेडिकल झालं आणि मामांचं बीपी वर आलं. महिन्याभरानं परत बघितलं, परत वर. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर शेवटचं बघू. तेव्हाही वर आलं तर स्टिअरिंग सुटणार आणि मामा गेटवर बसून व्हिजिटरचे पास फाडणार.

गंमत म्हणजे दौंडच्या मेडिकलवाल्याकडे मोजलं की नॉर्मल. घरी जावयाच्या मशीनवर मोजलं तरी नॉर्मल. माझ्या खोलीचा उंबरा ओलांडला की काटा चढलाच. मी डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, जावयाच्या मशीनवर मी सही करत नाही."

* * *

बीपी तसं निम्म्या ड्रायव्हरांचं वर होतं. म्हणून एचआरच्या मॅडमनी ताणमुक्तीचं सेशन ठेवलं. मॅडम पुण्याच्या, मनानं चांगल्या, आणि लॅपटॉपवर कमळाचं चित्र. दुपारी पहिली पाळी सोडून आलेले, पहाटे चारला उठलेले ड्रायव्हर त्यांनी एसी हॉलमध्ये गुबगुबीत खुर्च्यांवर बसवले.

सुरुवातीलाच आमचे आप्पा उठले. आप्पा तळेगाव ढमढेऱ्याचे, वयानं सगळ्यांत मोठे. म्हणाले, "मॅडम, डबल ड्यूटी बंद केली तर न्हाई का व्हायचा ताण कमी?"

मॅडम गोड हसल्या. "आप्पा, आज आपण फक्त नैसर्गिक उपायांबद्दल बोलतोय."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "डोळे मिटा. श्वास सोडा. हळूहळू."

डोळे मिटले. एका मिनिटात सगळा हॉल घोरायला लागला. मॅडमनी व्हिडिओ काढला आणि वर पाठवला, खाली लिहिलं, 'पहिल्याच सेशनमध्ये इतकं डीप रिलॅक्सेशन'. त्या दिवशी दुसऱ्या पाळीच्या सगळ्या बस उशिरा सुटल्या, त्याचा मेमो मात्र ड्रायव्हरांना आला.

मेमो वाचून सगळेच माझ्याकडे बीपी मोजायला आले. व्हायचं तेच झालं.

* * *

त्यानंतर रेस्ट रूममध्ये पोस्टर लागलं. पाच उपाय: सावकाश श्वास, अनवाणी गवतावर चालणं, तोंडावर गार पाणी, भुंग्यासारखा गुंजारव, आणि साध्या चहाऐवजी गवती चहा. उपाय सगळे खरे आहेत, मीही लोकांना सांगते. फक्त ते आमच्या कंपनीत करायचे होते.

गवताचंच बघा. आमच्याकडे गवत एकाच ठिकाणी, मोठ्या साहेबांच्या केबिनसमोर. तिथे बोर्ड, 'हिरवळीवर चालू नये'. मॅडमनी खास परवानगी काढली आणि रोज दहा मिनिटं ड्रायव्हर रांगेनं, हातात बूट घेऊन, त्या लॉनवर फिरायला लागले. केबिनच्या काचेतून मोठे साहेब बघणार, पाहुणे आले की त्यांनाही दाखवणार. एकदा तर पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

आप्पा तिथेच थांबले. म्हणाले, "उसाच्या रानात उभा जन्म अनवाणी फिरलो, तवा कुणी टाळी न्हाई वाजवली. त्यातनं सुटावं म्हणून तर ड्रायव्हर झालो."

शब्बीरमामा मात्र मनापासून चालत होते. आप्पांनी चिडवलं तरी त्यांची फेरी चुकायची नाही. चालून आले की घाम पुसत माझ्याकडे यायचे. "बघा सिस्टर, आज उतरलं आसंल." मी पट्टा बांधायची. उतरलेलं नसायचं.

* * *

गार पाण्याचा किस्सा लहान आहे. पोस्टरवर लिहिलं होतं, 'तोंडावर गार पाण्याचे हबके मारा'. मे महिना, भर दुपार, आणि रेस्ट रूमच्या नळाला गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी. केंदूरचा दत्ता, आमच्यातला तरणा ड्रायव्हर, पोस्टर वाचून सरळ नळावर गेला आणि ओंजळ भरून तोंडावर मारली.

तो लालबुंद होऊन माझ्याकडे आला. मी मलम लावताना विचारलं, "ताण गेला का?"

"गेला की. आता निस्ती आग हाय."

* * *

गुंजारवाचा दिवस मी विसरणार नाही. उपाय सोपा: कानांवर हात, तोंड बंद, आणि श्वास सोडता सोडता लांब 'म्म्म्म'. पंधरा ड्रायव्हर पत्र्याच्या रेस्ट रूममध्ये एकदम सुरू झाले. माझ्या टेबलावरचं थर्मामीटर हलत होतं, इतका तो नाद.

पलीकडे कॉम्प्रेसर रूम. मेंटेनन्सच्या फोरमननं आवाज ऐकला आणि त्याला वाटलं, मशीनच बिघडलं. त्यानं एक कॉम्प्रेसर बंद केला. आवाज चालूच. दुसरा बंद केला. तरी चालूच. तोवर शॉपमधल्या मशीनना लागणारी हवा गेली, लाइन थांबली, आणि फोरमन हातात पाना घेऊन आवाजाच्या मागावर पळत रेस्ट रूमच्या दारात आला.

"अरे, बेअरिंग कुणाचं गेलंय?"

आप्पांनी डोळे उघडले नाहीत. "आमचंच," म्हणाले.

लाइन थांबल्याबद्दल फोरमनला वरून इतकं ऐकून घ्यावं लागलं की संध्याकाळी तोच माझ्याकडे बीपी मोजायला आला.

* * *

राहिला गवती चहा. कँटीनमधला साखरेचा, दुधाचा, कडक चहा मॅडमनी बंद केला आणि पातेल्यात गवती चहाचं पिवळं पाणी आलं. ड्रायव्हर एकही शब्द न बोलता प्यायला लागले, आणि सगळ्यांचे चेहरे खरोखर टवटवीत दिसायला लागले. मॅडमनी त्याचा वेगळा रिपोर्ट केला.

खरं कारण गेटबाहेरच्या टपरीवर उकळत होतं. सगळे गुपचूप तिथे जाऊन यायचे. मीही जायची. एका सकाळी मी आणि शब्बीरमामा तिथे ग्लास तोंडाला लावतोय, तर बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला ओढणीनं तोंड झाकून कोणीतरी बशीत बिस्कीट बुडवत होतं. कमळाचं चित्र असलेली लॅपटॉपची बॅग शेजारीच होती.

मामांनी हळूच टपरीवाल्याला सांगितलं, "त्यांना आजून एक कडक दे. माझ्याकडनं."

* * *

अशी दिवाळी गेली. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, ऊस रस्त्यावर आला, आणि मामांच्या शेवटच्या मेडिकलचा दिवस उगवला. सकाळी बसमध्ये मी त्यांच्या मागच्याच सीटवर होते. मला फार वाईट वाटत होतं. इतकी वर्षं माझं घर आणि नोकरी या माणसाच्या हातावर चाललीय, आणि आज माझ्याच पट्ट्यानं त्याचं स्टिअरिंग जाणार होतं.

चौफुल्याला जॅम लागला. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मधून मोटारसायकली. मामांनी काच खाली घेतली आणि रोजचं सुरू झालं. "आरं ये ट्रॅक्टरवाल्याऽऽऽ, सासऱ्याच्या लग्नाला चाललाय का रंऽऽऽ, बाजूला घे की!" हाक अशी लांब, की छातीतली सगळी हवा संपेपर्यंत चालायची. एक झाली की दुसरी. माणसं मागे गाढ झोपलेली, कारण दौंडच्या बसमध्ये याची सवय काल लागलेल्या पोरालाही आहे.

बस उभीच होती. मी सहज पुढे वाकून मामांचं मनगट धरलं. नाडी इतकी संथ, की मला वाटलं माझंच बोट चुकलं.

* * *

दहा वाजता मामा डॉक्टरांसमोर बसले. खोलीत शांतता. डॉक्टर म्हणाले, "अगदी शांत बसायचं मामा. बोलायचं नाही." मामांनी तोंड घट्ट मिटलं. डॉक्टरांनी पट्टा फुगवला, काटा बघितला आणि मान हलवून पेन उचललं.

मामांनी नुसतं खिशातली बसची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, पाच मिनिटं द्या," मी म्हणाले. "एकदाच परत घेऊ."

मी खिडकी उघडली. खिडकीखाली बसचं यार्ड. दौंडच्या बसच्या जागेवर, पिवळ्या पट्ट्यात, एक पांढरी कार तिरकी लावलेली होती. मामांची बस बिचारी बाहेर उन्हात उभी होती.

"मामा, इकडं या. हे बघा."

मामांनी बघितलं. कपाळावर आठ्या आल्या, पण आवाज उतरलेलाच. "सिस्टर, ती मॅडमची गाडी हाय."

"चौफुल्याला गाडी कुणाची ते विचारता का?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात खिडकीच्या गजांवर ठेवले आणि छाती भरून घेतली.

"कोण हाय रं त्योऽऽऽ, बसच्या जागंवर गाडी लावनाराऽऽऽ! यार्ड हाय का मंगल कार्यालय रंऽऽऽ!"

यार्डातली फोर्कलिफ्ट थांबली. मामांनी दुसरी हाक दिली, ती फोर्कलिफ्टला. तिसरी पाण्याच्या टँकरला. चौथी नक्की कुणाला होती कळलं नाही, पण त्यात डबल ड्यूटीचा उल्लेख होता. मग ते खुर्चीवर येऊन बसले, खांदे सैल सोडून, आणि बाही वर करून आपणहून हात पुढे केला.

डॉक्टर जरा वेळ थांबले, मग मोजलं. चष्मा पुसला. दुसऱ्या हाताला पट्टा बांधून परत मोजलं. नंतर 'फिट' लिहिलं आणि सही केली. मामांनी किल्ली उचलून खिशात घातली.

तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज आला. दारात मॅडम. हातात कारची किल्ली, चेहरा लाल, धाप लागलेली, मुठी आवळलेल्या. "कोण... कोण ओरडलं?"

शब्बीरमामा उठले. आपली खुर्ची रुमालानं झटकली आणि त्यांच्यापुढे सरकवली.

"बसा मॅडम," ते अगदी गोड आवाजात म्हणाले. "डोळे मिटा. श्वास सोडा. हळूहळू."