बंड्याच्या पेटीची ट्रायल

हातातला चहा आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून आला होता. झाल्या प्रकारात दोष माझा होता की कुणाचा, हे तुम्हीच ठरवा. माझं अजून नक्की होत नाही.

मी धातुशास्त्रात पीएच.डी. केलेला माणूस. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. म्हणजे उभा जन्म दुसऱ्यांच्या कामात खोट काढण्यात गेला. स्वतः काही करून बघायची वेळ फारशी आली नाही, आणि आली तेव्हा हे असं झालं.

आमची मुलगी प्रज्ञा जर्मनीत असते. तिचं पहिलं बाळंतपण. आई हवीच, बाबाही आले तर बरं, असं ती म्हणाली. त्यातलं 'तर बरं' मी कानाआड केलं. पहिलं नातवंड आपल्या हातात घ्यायचं, एवढंच डोक्यात. पण सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, अट घातली: बंड्या येणार असेल तरच मी येणार. बंड्या हा आमचा कुत्रा. जात गावठी, जन्म डांगे चौकातला, आणि तोरा असा की अख्खं थेरगाव त्याच्या मालकीचं.

प्राण्यांना परदेशी पाठवणारे एजंट असतात. लस, चिप, कागदपत्रं, सगळं आमच्या एजंटने केलं. माझ्याकडे काम उरलं एकच, बंड्याला पेटीत बसायची सवय लावणं. पेटीसुद्धा तोच देत होता, तयार, प्लास्टिकची. मी ती बोटाने ठोकून पाहिली. आवाज काही मनाला पटला नाही. मग ठरवलं, पेटी आपण करून घ्यायची. चाकणहून रोज इंजिनं, गिअरबॉक्स जगभर जातात. एक कुत्रा जाणार नाही?

माझ्या हाताखाली काम केलेला दत्ता आता तिथे एक्सपोर्टच्या लाकडी पेट्या बनवतो. मी बंड्याचं माप घेतलं. माप चुकलं असेल तर, म्हणून थोडं वाढवलं. वाढवलेलं कमी पडलं तर, म्हणून आणखी वाढवलं. दत्ता राजगुरुनगरकडचा, मोठ्या मनाचा. त्याने स्वतःतर्फेही वाढवलं. पेटी आली ती फ्रिजएवढी. आतून जाड फोम, बाहेरून पोलादी पट्ट्या, वर बाण, छत्री आणि ग्लासचं चित्र. दार आपोआप बंद होणारं आणि आतून अजिबात न उघडणारं. ही रचना माझी. मूर्खालाही चूक करता येऊ नये अशी कडी, असं आम्ही कंपनीत म्हणायचो. मूर्ख बाहेर असणार, हे त्यात गृहीत धरलेलं असतं.

पेटी लिफ्टमध्ये मावेना, म्हणून पार्किंगमध्ये ठेवली.

आता ट्रायल. ट्रायलशिवाय आम्ही साधा नटबोल्टही बाहेर सोडला नाही कधी. विमानात काय होतं? धक्के बसतात, आवाज होतो, मालक दिसत नाही. मग बंड्याला टेम्पोतून चाकणला न्यायचं आणि परत आणायचं. आपले रस्ते असताना धक्क्यांसाठी विमान कशाला हवं? दत्ताच्या ड्रायव्हरला मी फोनवर सूचना दिल्या आणि त्याच्याकडून परत म्हणून घेतल्या. मला बघून कुत्रा बिथरेल, म्हणून मी समोर येणार नाही. पेटीचं दार लागलेलं दिसलं की उचला आणि निघा. आतून कसाही आवाज आला तरी चाकणपर्यंत उघडायचं नाही.

नोकरीत मी शेकडो सूचना काढल्या, लॅमिनेट करून भिंतींवर लावल्या. त्यांतली एक तरी कुणी पाळल्याचं मला आठवत नाही.

त्या सकाळी सुमन भाजीला गेलेली. टेम्पो यायची वेळ झाली आणि बंड्या पेटीत जाईना. बिस्किट दाखवलं. चिकनचा तुकडा दाखवला. तो त्याने माझ्या हातातून घेतला आणि बाहेर बसून सावकाश खाल्ला. मग मला शंका आली. आत भीती वाटण्यासारखं काही असेल तर? आपण तरी कुठे पाहिलंय? चष्मा खिशात ठेवला, गुडघ्यांवर आलो आणि आत शिरलो. चांगलं प्रशस्त होतं. बंड्याला हा खेळ आवडला असावा, कारण तोही माझ्यामागे उडी मारून आत आला. दार लागलं. कडी अप्रतिम चालली.

मोबाइल वर घरात, चार्जिंगला.

टेम्पो अगदी वेळेवर आला.

"अरे, मी आहे आत! दार उघडा!"

त्या फोममधून माझा आवाज कसा पोचला कोण जाणे. त्यात बंड्याही भुंकत होता.

"भावा, लय वरडतंय राव. मानसावानी वरडतंय," हमाल म्हणाला.

"वरडू दे. सर म्हनलेत ना, कसाबी आवाज येऊ दे, उघडायचं न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. "धर तिकडून. आयला, ह्या कुत्र्याला खायला काय घालत्यात?"

मी हवेच्या भोकातून एक बोट बाहेर काढलं आणि जिवाच्या आकांताने हलवलं.

"बग, शेपटी हलवतंय. खूश हाय."

भोसरी गेली, मोशी गेली. चाकणच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो. बंड्या माझ्या पाठीवर डोकं ठेवून घोरायला लागला. मी ओरडणं सोडून दिलं. एक तर घसा बसला होता. आणि खरं सांगू? मला वाटायला लागलं, त्यांचंच बरोबर आहे. त्यांनी दार उघडलं असतं तर मीच त्यांना झापलं असतं.

दार दत्ताने उघडलं. बंड्या खाली उतरला, आळस दिला आणि फोर्कलिफ्टच्या चाकावर पाय वर करून मोकळा झाला. मग माझे पाय बाहेर आले.

"सर? तुमी?" दत्ताने हात देऊन मला बाहेर ओढलं. मग त्याचा जुना आदर उफाळून आला असावा. "ट्रायल सोताच्या अंगावर घेतली व्हय? मानलं तुमाला."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पण सरळ उभं राहता येईना. दोघांनी धरून खुर्चीत बसवलं, तेही पेटीतल्याच आकारात. हाडांच्या डॉक्टरांनी मणक्याचे फोटो पाहिले आणि हे कशाने झालं विचारलं. मी म्हणालो, प्रवासाने. मग विमानात इतके तास बसणं सध्या विसरा, असं ते म्हणाले. बाळ काही माझ्या मणक्यासाठी थांबणार नव्हतं. "बाबा, तुम्ही नंतर या हं," प्रज्ञा फोनवर म्हणाली, आणि मला वाटलं, जरा लगेचच म्हणाली. बंड्या एजंटच्या प्लास्टिकच्या पेटीत पहिल्याच दिवशी जाऊन झोपला. ट्रायलचा गुण म्हणायचा.

निघायच्या आदल्या दिवशी मी आतल्या खोलीत आडवा पडलो होतो. सुमन दारात शेजारच्या कांबळे वहिनींशी हळू आवाजात बोलत होती.

"वेळेवर खायला दिलं की काही त्रास नाही. संध्याकाळी एकदा खाली चक्कर मारून आणायची. एकट्याला लांब सोडायचं नाही. आणि गोड अजिबात नको."

"कुरकुर केली तर?" वहिनींनी विचारलं.

"लक्षच द्यायचं नाही. थोड्या वेळाने आपोआप थांबते."

म्हणजे ऐन वेळी बंड्याला मागे ठेवायचं ठरलं तर. एवढं सगळं सोसून बिचारा इथेच राहणार. मी कण्हत उठलो, भिंत धरत दारापर्यंत गेलो. म्हटलं, सांगावं, अगं मी आहे ना घरी, मी सांभाळीन त्याला.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "आणि गोळी कधी द्यायची?"

"रक्तदाबाची ना? सकाळी, नाश्ता झाला की."

बंड्याला रक्तदाब नाही.