एका बाबांचे पाच आजार

भिलाईच्या खुर्सीपारमधली आमची लाइन, म्हणजे कामगारांच्या क्वार्टरांची रांग, लांबीला एवढीशी, पण तिच्यात अख्खा देश दाटीवाटीनं बसलेला. एका टोकाला कोणी सांबार उकळलं की दुसऱ्या टोकाच्या मोहरीच्या तेलाला राग यायचा. मधोमध आम्ही, भंडाऱ्याकडचे. घरात ‘कावून’ आणि ‘करून राहिलो’, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. अशा लाइनीत माणूस आजारी पडला तर त्याचं एका आजारावर भागत नाही. माझ्या बाबांना पाच झाले, तेही एकदमच. हे मी छाती फुगवून सांगते, कारण एवढे आजार एकट्यानं पेललेला माणूस भिलाईत दुसरा झाला असेल तर दाखवा, त्याला मी हार घालीन.

बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये खलासी. म्हणजे वर केबिनमध्ये क्रेनचा ऑपरेटर, खाली बाबा, आणि मधे लटकलेलं लोखंड. मिलमध्ये आवाज असा की तिथं ढग गडगडला तर तो स्वतःच लाजून गप्प बसावा. म्हणून सगळं बोलणं हातांचं. बोट वर करून गोल फिरवलं की माल उचल. खाली करून फिरवलं की उतरव. पंजा आडवा धरला की थांब. बाबांनी नाक खाजवायला हात उचलला तरी क्रेन दचकायची, असं मी शाळेत सांगायचे. त्यातलं निम्मं तरी खरं होतं.

वरच्या केबिनमध्ये कित्येक वर्षं एकच माणूस होता, श्रीकाकुळमकडचा. त्याला मराठी येत नव्हती, बाबांना तेलुगू येत नव्हती, आणि दोघांची हिंदी अशी की ती न बोलण्यातच देशाची एकता होती. सुट्टीच्या दिवशी दोघं मरोद्याच्या तलावाकाठी शेंगा खात बसायचे. एक अक्षर नाही. परत यायचे ते मात्र खूप गप्पा मारून आल्यासारखे. तो रिटायर झाला. बाबांनी त्याचं सामान पावर हाउस स्टेशनवर गाडीत चढवून दिलं, घरी आले, पाय धुतले आणि त्या दिवसापासून तोंडानं बोलायचे थांबले.

आधी आईला वाटलं, रुसले. मग जेवण अर्ध्यावर आलं. ड्युटीवरून आले की खाटेवर बसून समोरच्या भिंतीकडे बघायचे, जणू तिच्यावर काही लिहून येणार आहे. बारावीत माझा पहिला वर्ग आला, तर नुसता डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा भिंत. तेव्हा आई घाबरली आणि मला सोबत घेऊन तिनं प्लांटच्या गेटवर फोरमनला गाठलं.

“साहब, ये बोलते नहीं.”

“कौन?”

“हमारे ये.”

फोरमननं बराच विचार केला. “भाभीजी, यहाँ बोलता कौन है? पूरी शॉप में उससे बढ़िया सिग्नल कोई नहीं देता.”

म्हणजे गेटच्या आत बाबा ठणठणीत, गेटच्या बाहेर आजारी! सायकल गेटमधून बाहेर काढताना नेमकं कोणत्या जागी हे दुखणं त्यांच्या कॅरिअरवर बसायचं, हे मी पुष्कळ दिवस शोधत होते.

घरीही त्यांनी तेच हात चालू केले. ताटाशी बोट वर फिरलं की आई पातेलं उचलायची, खाली फिरलं की वरण ओतायची, पंजा आडवा झाला की थांब. आई लवकर शिकली. पंधरवड्यात ती असं वाढायला लागली की मिलवाल्यांनी तिला परमनंट करून घ्यावं. पण पदराआड डोळे पुसायची, तेही मी बघत होते.

मग लाइन कामाला लागली.

पहिली आली शेजारची अम्मा. बाबांचा जोडीदार तिच्याच मुलखातला, त्यामुळे हे प्रकरण तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं. “दृष्टि है, पक्का दृष्टि!” म्हणून तिनं एक कोहळा आणला. कोहळा एवढा, की आत दोन पाहुणे झोपवावेत आणि तिसऱ्याला गादी घालावी. त्यात कुंकवाचं पाणी भरून, तो बाबांवरून ओवाळून तिनं भर रस्त्यात फोडला. कुंकवाचं पाणी सांडलेलं बघून दूधवाला सायकल टाकून पळाला. त्याला वाटलं, खून झाला.

समोरची दाई पक्की छत्तीसगढी. ती हळूच म्हणाली, “नजर नोहय बहिनी, टोनही के काम आय.” टोनही म्हणजे चेटकीण. असं म्हणून तिनं अम्माच्या दाराकडे बघितलं. या एका शब्दापायी इकडच्या गावांतून बायकांचे काय हाल झालेत, ते आईला ठाऊक होतं. तिनं दाईचा हात धरला. “दाई, या लाइनीत टोनही नाही. तुम्ही झाडा, फुंका, लिंबाचा पाला फिरवा, मी चहा ठेवते. पन नाव कोनाचं घेऊ नका.” दाईनं पाला फिरवला, चहा घेतला आणि नाव पोटातच ठेवलं.

लाइनीतल्या ट्रकवाल्या सरदारजींचं मत, की मनाचा आजार वगैरे काही नसतोच, असते ती कमजोरी. “ओ जी, बंदे को लस्सी पिलाओ, ट्रक में घुमाओ!” लस्सीचा पेला असा की बाबांना तो दोन्ही हातांनी धरावा लागायचा, म्हणजे तेवढा वेळ बाबा खऱ्या अर्थानं मुके.

कोपऱ्यावरच्या घरात केरळची सिस्टर राहायची, प्लांटच्या दवाखान्यातली. तिनं कोहळा, पाला आणि लस्सी तिन्हींकडे सारख्याच नजरेनं बघितलं आणि म्हणाली, “डिप्रेशन है. मन की बीमारी है, डॉक्टर है उसका, गोली है. शुगर का गोली खाते हैं न? वैसा.” आईला हे पटायला जरा वेळ लागला. आमच्यात मनाला दुःख होतं, मन उडतं, मन भरून येतं. पण मनाला गोळी, ही गोष्ट नवी होती. तरी ती सिस्टरबरोबर बाबांना घेऊन गेली. डॉक्टरांनी बाबांकडे नीट बघितलं, आईचं सगळं ऐकलं आणि गोळ्या सुरू केल्या.

राहिले गुरुजी. नागपूरकडचे बौद्ध, शाळेत शिकवायचे. ते येऊन आधी कोहळ्यावर भडकले. “भूत नाही, नजर नाही, काही नाही! मन अशांत आहे, बस! डॉक्टरची गोळी बंद करू नका, एवढंच ऐका माझं.” मग रविवारी बाबांना विहारात घेऊन गेले. तिथं सगळे डोळे मिटून गप्प बसलेले. बाहेर आल्यावर एक म्हातारे उपासक बाबांचे हात धरून म्हणाले, “इतकी वर्षं झाली, पन मले नाही जमलं हे मौन. तुमचा मोठा अभ्यास दिसते.” बाबा त्या दिवशी पोटभर जेवले.

मी आईला विचारलं, “तू यातलं मानते तरी काय?”

“सगळंच,” आई म्हणाली. “एक खरं निघालं त बाकीचं वाया गेलं, म्हनून काय बिघडते?”

अशात कोणीतरी लग्नाला गावी गेलं आणि बातमी घेऊन गेलं. आणि एका रविवारी सकाळी लाइनीत जीप शिरली. मोठे बाबा आले. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. ते गावात शिंकले की गोंदियाला मालगाडी थांबते, असा आवाज. सोबत दोन दांडगे चुलत पुतणे आणि गाडीचा ड्रायव्हर. आणि जीपमध्ये मागच्या बाजूला दोर, गाय बांधायचा असतो तसला.

खाटेवर बसलेल्या बाबांकडे बघून त्यांचे डोळे भरले, हे मला सांगितलंच पाहिजे. दुष्ट माणूस नव्हता तो. पण निकाल त्यांनी आधीच लावलेला. “दोस्त रिटायर झाला म्हनून कोनी मुका होते का? बाहेरचं हाय हे. महाराजाच्या ठिकानी नेतो. खांबाले बांधून ठेवतेत, दोन अमोशा गेल्या का उतरते.”

खांब म्हटल्यावर आईनं हातातला कप खाली ठेवला. ती आत, दाराआड, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, बोलत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून आईनं मोठ्या बाबांशी एक शब्द थेट बोललेला नव्हता. चहा विचारायचा तरी मला म्हणायची, “विचार त्यायले, साखर किती,” आणि ते हातभरावर बसलेले असायचे. तिच्या या मुकेपणाला कधी कोणी आजार म्हटलं नाही. त्याला वळण म्हणायचे, आणि गावात तिचं कौतुक व्हायचं.

तोवर लाइन आमच्या अंगणात. अम्मा म्हणे दृष्ट उतरायला आलीय, आता हलवू नका. सरदारजी म्हणे लस्सीनं गालावर लाली आलीय. सिस्टर म्हणे गोळी मधेच बंद केली तर नुकसान होईल. गुरुजी म्हणे खांबाला बांधणं हा गुन्हा आहे. दाई एकटीच म्हणाली, खांब बरा, पण आधी पाला पूर्ण होऊ द्या.

मोठे बाबा सगळ्यांचं ऐकून हसले. “पाच घरं, पाच रोग! तुमचं तुमालेच जुळून नाही राहिलं, अन मले शिकवता?”

 आणि ते खरंच होतं. पुतण्यांनी दोर हातात घेतला.

तेव्हा दाराआडून आई बाहेर आली. पदर होता तसाच डोक्यावर, पण मान वर.

“पाच रोग हायेत, त पाच दवा चालू हायेत. पाच घरचे लोक रोज यायले पाहाले येतेत. तुमच्या तिथं एकच रोग, अन एकच खांब. मी नाही नेऊ देत.”

मी पैज लावते, त्या क्षणी प्लांटसुद्धा ऐकायला थांबला असेल.

मोठे बाबा माझ्याकडे वळले. “हे मले बोलून राहिली का?”

“हाव.”

“सांग तिले...”

“तुमीच सांगा ना मोठे बाबा, समोरच त हाय.”

त्यांना ते जमेना. शेवटी कपाळाला हात लावून म्हणाले, “इले बी लागलं वाटते!”

एक बोलत नाही म्हणून वेडा, दुसरी बोलली म्हणून वेडी. शहाण्यांच्या यादीत आता आमच्या घरातून मी एकटीच उरले होते, आणि माझी खात्री मलाच नव्हती.

तेवढ्यात बाबा खाटेवरून उठले. चपला घातल्या. कोणाकडे न बघता सरळ जीपकडे चालायला लागले. आईला आणि मला वाटलं, संपलं, हे आपण होऊन बसायला निघाले. पण बाबा जीपच्या दाराशी थांबले नाहीत. ते मागे गेले, लाइनीच्या मधोमध पाय रोवून उभे राहिले, ड्रायव्हरच्या आरशात नजर घातली आणि दोन्ही हात वर केले.

त्या ड्रायव्हरनं जन्मात मिल पाहिली नव्हती. पण त्या हातांपुढे तो काय, जीपही नाही म्हणू शकली नसती. इंजिन चालू झालं. बाबांचा पंजा स्वतःकडे वळला: ये. जीप मागे सरकायला लागली. “अबे, थांब! अबे, कोनाचं आयकून राहिला?” म्हणत मोठे बाबा धावले; जीप थांबेना, तेव्हा पुतण्यांनी त्यांना उचलून आत टाकलं आणि स्वतः लटकले. एका बाजूला सरदारजींची मोटरसायकल, दुसऱ्या बाजूला दाईची भाजीची गाडी, मधे वीतभर फट. बाबा उलट पावलांनी चालताहेत, बोट जरा डावीकडे, आता सरळ, आता हळू. अख्खी लाइन भिंतींना चिकटून उभी. एक टोमॅटो हलला नाही. मोठ्या रस्त्यावर जीप आणून बाबांनी पंजा आडवा धरला, मग तिला गावाकडच्या, राजनांदगावच्या दिशेनं तोंड करून दिलं आणि हात खाली घेतले. त्यांचं उत्तर देऊन झालं होतं.

मग लाइनीत टाळ्या पडल्या की नाही, ते आठवत नाही. मी सांगताना मात्र नेहमी पाडते.

बाबा पुढे बोलले. उन्हाळा सरता सरता एका दुपारी घास घेऊन म्हणाले, “मीठ कमी हाय.” इतक्या दिवसांनी नवऱ्याचा आवाज ऐकला, तर तो असा! आई आधी चिडली, मग रडली, मग पदर खोचून लाइनीत सांगायला धावली. अम्मा म्हणाली, मेरा कोहळा. सरदारजी म्हणाले, मेरी लस्सी. दाई नुसती पाल्याकडे बघून हसली. सिस्टरनं गोळ्या किती उरल्या ते विचारलं आणि अजून बंद करायच्या नाहीत असं बजावलं. गुरुजींनी तिच्या बाजूनं मान हलवली, पण विहाराचंही नाव घेतलं. आई प्रत्येकाला म्हणाली, तुमच्यामुळेच.

संध्याकाळी गावाहून फोन आला. आता मोठे बाबा आणि आई थेट बोलतात. तो बोलायचा आजार दोघांचाही बरा झालेला नाही.

“मी येऊन गेलो, त्याच्यानंच उतरलं त्याचं,” मोठे बाबा म्हणाले. इतक्या मोठ्यानं की फोन नसता तरी चाललं असतं.

“हो ना,” आई म्हणाली. “आले त्याच्यानं थोडं, गेले त्याच्यानं जास्त.”