न चालवलेला कोयता

कल्याणहून आंबिवलीच्या शाळेत शिकवायला मी रोज चालत जात असे, तेव्हा वाटेतल्या टेकडीपाशी एक शेतकरी धोंड्यावर बसलेला दिसायचा. टेकडीचा तो उतार त्याच्याच मालकीचा. पूर्वी तिथल्या फांद्या तोडून तो शेतात जाळायचा आणि भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून घ्यायचा. त्यालाच राब म्हणतात. मग सरकारने ठरवलं, की जो आपल्या उतारावरची झाडं राखील त्याला सारा माफ. याने अंगठा उठवला आणि त्याच दिवशी कोयत्याच्या पात्याला फडकं गुंडाळलं.

तरी कोयता कमरेला असायचाच. चैत्रात इतरांचे राब पेटले, की निळा धूर टेकडीवर रेंगाळायचा. तो डोळे मिटून घ्यायचा आणि त्याची बोटं फडक्याच्या गाठीशी चाळा करत राहायची. गाठ सुटलेली मात्र मी कधी पाहिली नाही.

माझा आवाज शाळेबाहेरही शाळेतलाच असायचा. एकदा मी तशाच आवाजात विचारलं, "अहो, इथे रोज बसून करता काय?"

"काम," तो म्हणाला. "सारा काय फुकट माफ झालाय? कोयता न चालवनं, ह्येच काम. त्याला रोज यायाच लागतं." मग ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "हळू बोला, मास्तर. वाढतायत ती."

कोवळी पालवी उन्हात हलत होती. मी पाय न वाजवता पुढे निघालो.

शाळेत पोरांनी धुमाकूळ घातला होता. मी छडी उचलली. क्षणभर तशीच धरली. मग उपरण्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवली.